दोन बोटांनी सापडलेली हाक

आज दुपारी बाबांचा एक व्हिडिओ एडिट करायला बसले होते. देवगडच्या आमच्या घरामागे बाबा आंब्याचं कलम कसं बांधायचं ते दाखवतायत, असा दोन वर्षांपूर्वीचा. मध्ये बांधताना ते बराच वेळ गप्प आहेत. तेवढा भाग कापणार होते, तोही आवाज बंद ठेवून.

लॅपटॉप नवा, ट्रॅकपॅडची सवय नाही. शेजारच्या शमीमभाभी स्वयंपाकाचे व्हिडिओ करतात, त्या शिकवत होत्या. "भाकरी थापतंस काय गो? हलक्या हातान! दोन बोटां ठेव नि हळूच लांब कर."

बोटं एकमेकांपासून लांब केली तशी स्क्रीनवरची व्हिडिओची पट्टी ताणत गेली. त्या गप्प जागेत आवाजाच्या रेषेला बारीकसा उंचवटा दिसला. मी आवाज सुरू केला.

"अवो, चाय थंड होता हा!"

स्वयंपाकघरातून आई. तिला जाऊन वर्ष झालं.

बाबांना बोलावून ऐकवलं. हाक आली आणि ते सवयीने म्हणाले, "येतंय गो."

भाभी, आज तुम्ही नसता तर ही हाक मीच कापून टाकली असती.

तुमच्याही जुन्या व्हिडिओंतल्या गप्प जागा एकदा नीट ऐकून बघाल?