तीन वेढ्यांची गाठ

मास्तर आयुष्यात दोघांनाच घाबरले. एक देवाला आणि दुसरं डोळ्यांच्या डॉक्टरला. बायकोला आपण मुळीच घाबरत नाही असं ते छातीठोकपणे सांगत, पण ती घरात नसताना.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. बेचाळीस वर्षं एकच मशीन आणि एकच खोली. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. रस्त्याकडे काचेचं दार, दाराशी मशीन, मधे कापायचं टेबल, भिंतीला लोखंडी दांडी आणि तिच्यावर तयार कपडे टांगलेले. मागच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा, खाट आणि मास्तरीणबाई. दोन खोल्यांच्या मधे एक पडदा, उरल्यासुरल्या तुकड्यांचा जोडून केलेला.

उजवा डोळा पाच वर्षांपूर्वी गेला. मोतीबिंदू काढला, सगळं व्यवस्थित झालं, डॉक्टरीणबाईंनी दहादा बजावलं की महिनाभर मशीनला हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी हे महाराज पट्टी वर सारून कोट शिवायला बसले. लग्नाचा कोट होता, शब्द दिला होता. कापडाचा बारीक धुरळा, घाम, त्यात डोळा चोळला. आठ दिवसांत पू झाला आणि पुढे त्या डोळ्याला कायमचा अंधार. शहाणा माणूस म्हणाला असता, चूक झाली. मास्तर म्हणाले, शिक्षा झाली.

कसली शिक्षा? तर ऐका. तीस वर्षांपूर्वी एका बाईंनी मुलीच्या झग्यासाठी निळी मखमल आणून दिली होती. मास्तरांनी जपून बेतली, पाव मीटर वाचवली, आणि बाईंना सांगितलं, "जेमतेम पुरली हो." त्या पाव मीटरचं जाकीट घालून मास्तरांची लेक पहिल्या दिवशी शाळेत गेली. झालं! एवढंच पाप. आता या जगात लोक काय काय पचवून ढेकर देतात, आणि हा माणूस तीस वर्षं एका जाकिटापायी झुरतोय.

पण त्याला कारण होतं. मास्तरांचे वडील म्हणजे जमदग्नीचा अवतार. मुलाला काम शिकवताना हातात लाकडी पट्टी. टीप वाकडी गेली की बोटांवर फटका, आणि वर दम, "मी बघत नसलो तरी देव बघतोय, लक्षात ठेव!" वडील गेले, पट्टी कुठेशी हरवली, पण पाठीमागे कुणीतरी पट्टी घेऊन उभं आहे ही भावना काही गेली नाही. मास्तर रोज सकाळी मशीनला हात जोडत ते प्रेमानं नव्हे, धाकानं.

आणि आता डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू. दोन वर्षं तो वाढत होता आणि दोन वर्षं मास्तर एकच वाक्य म्हणत होते, "उजेड कमी आहे." म्हणून एक दिवा वाढवला. मग आणखी एक. टेबलावर तीन दिवे लटकले तरी यांचं आपलं तेच, उजेड कमी आहे. सुया सकाळीच दोरा ओवून उशीत टोचून ठेवायचं काम मास्तरीणबाईंकडे होतं. दोऱ्याची रिळंही बाईच रंगानुसार लावून ठेवत, कारण काळा आणि गडद निळा यांतला फरक मास्तरांना आता दिसेना. गिऱ्हाइकाला मात्र यातलं काही कळता कामा नये. डोळा गेलेल्या शिंप्याकडे कापड कोण टाकणार?

डॉक्टरीणबाईंनी दोनदा तारीख दिली, दोनदा मास्तरांनी चुकवली. पहिल्यांदा म्हणाले पाहुणे येणार आहेत. दुसऱ्यांदा म्हणाले सर्दी झाली. पाहुणे आले नाहीत आणि सर्दीही नाही. शेवटी त्या चिडल्या. "मास्तर, पिकलाय आता. आणखी थांबलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. येत्या गुरुवारी या, नाहीतर येऊच नका."

लेकीचा फोन रोज. "बाबा, जाताय ना?" बाबा म्हणायचे, "बघू." बायको म्हणायची, "अहो, पाव मीटर मखमलीसाठी देव माणसाचे डोळे काढून घेईल? देव आहे की फौजदार?"

"एक घेतलाच की."

"तो तुमच्या अडेलपणानं घेतला. देवाचं नाव कशाला पुढे करता? आणि सारखं काय हो, देव बघतोय, देव बघतोय! आईसुद्धा रांगत्या पोराकडे बघतच असते. म्हणून पोर घाबरतं का?"

बायकोशी वाद घालायलाही अंगात जीव लागतो, आणि तो मास्तरांत राहिला नव्हता. भीतीनं माणूस किती दमतो हे कुणी सांगत नाही. दिवसभर दगड फोडणारा रात्री झोपतो तरी. मास्तर सकाळी उठत तेच थकलेले. मशीनवर बसले की मान आखडलेली, खांदे वर चढलेले, एकुलत्या एक डोळ्यावर सगळा भार. टीप सुईखालून जाताना दिसत नसे, नुसती अंदाजानं, सवयीनं ओढायची. आणि तरीही गिऱ्हाइकं कपडे घेऊन जात होती, तक्रार नव्हती. मास्तरांना त्यातच थोडा धीर होता. डोळा गेला तरी हात शाबूत आहे, असं ते मनाशी म्हणत.

जेवण झालं की बाई रोज सांगायच्या, "जरा पडा आता. तासभर पाठ टेका." आणि मास्तर खाटेवर पडत. त्या दोन वर्षांत एवढी एकच आज्ञा त्यांनी निमूट पाळली.

एका गोष्टीवरून मात्र ते बाईंवर सतत खेकसायचे. दोरा. रीळ आणलं की आठवड्यात संपायचं. "काळा दोरा खातेस का गं तू? परवा तर नवीन रीळ आणलं!" बाई म्हणायच्या, "उंदीर नेत असतील." "उंदीर काय पँटी शिवतात?" बाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकाकडे वळायच्या. मास्तरांना वाटे, रडतेय. त्यांना वाईटही वाटे, पण तोंडातून गेलेला शब्द परत कोण घेतो.

मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर बाई डोळ्यांत घालायचे थेंब आणायला निघाल्या. ऑपरेशनच्या दोन दिवस आधीपासून ते घालायचे होते. "पडा तुम्ही," जाताना म्हणाल्या, "आलेच मी." मास्तर पडले. पण झोप कसली? गुरुवार उरावर बसला होता. शेवटी उठले. पडदा सारून दुकानात आले, आणि काहीतरी करायचं म्हणून दांडीवरची एक पँट काढून इस्त्रीला घेतली. काल त्यांनीच शिवून टांगलेली.

पायाच्या आतल्या बाजूची शिलाई सरळ करताना बोटाला काहीतरी लागलं. बारीकसं, ज्वारीच्या कणीएवढं. मास्तर थांबले. पुन्हा बोट फिरवलं.

गाठ होती. दोऱ्याला तीन वेढे देऊन मारलेली.

मशीनच्या टिपेला अशी गाठ नसते. आणि अशी गाठ सगळ्या जगात एकच बाई मारत होती. लग्न होऊन आली ती आईकडून हीच गाठ शिकून. मास्तर तेव्हा नवशिक्याचा तोरा मिरवत म्हणाले होते, "ही काय गाठ? पोतं शिवतेस का?" नव्या नवरीनं उत्तर दिलं होतं, "उसवत तरी नाही!" त्यावर तीन दिवस अबोला झाला होता.

मास्तरांनी पँट उलटी केली. शिलाईवरून बोट नेलं. मशीनची टीप नव्हतीच ती. हातानं घातलेले टाके होते, एकाला एक लागून, वरपासून खालपर्यंत. आणि शेजारी, अर्ध्या बोटावर, कापडात जुन्या टिपेची भोकं. ती नागमोडी जात होती. ती मास्तरांची होती.

त्यांनी दुसरा कपडा काढला. गाठ. तिसरा सदरा, काखेत गाठ. चौथ्याला फक्त एका बाहीला. दांडीवर नऊ कपडे होते, सातांमध्ये गाठ सापडली. मास्तर ते सगळे मांडीवर घेऊन मशीनच्या स्टुलावर बसून राहिले. आधी संताप आला, मग लाज. मग दोन्ही ओसरले आणि नुसता थकवा राहिला.

बाई आल्या तेव्हा ते तसेच बसले होते. बाईंनी मांडीवरचे कपडे पाहिले आणि चपला काढायच्या विसरल्या.

"कधीपासून?" मास्तर म्हणाले.

"मागच्याच्या मागच्या थंडीपासून. काळ्या पँटीला निळा दोरा लावला होतात. गिऱ्हाईक यायच्या आत बदलला."

"आणि मग?"

"मग काय. रोजच. तुम्ही पडलात की बसायचे. मशीन चालवलं असतं तर जागे झाला असता, म्हणून हातानं."

"मला बोलली का नाहीस?"

"बोलून काय डोळा परत आला असता?" बाई खाली बसल्या, भिंतीला पाठ लावून. "एकदा बोलले असते तर तुम्ही मशीनवर झाकण घातलं असतं. आणि मशीन बंद झालं की तुम्ही किती दिवस टिकला असता, ते मला ठाऊक आहे."

"मी तुला दोऱ्यावरून एवढा बोललो."

"हो. ते जरा जास्तच झालं." बाई हसल्या. "उंदीर म्हणे!"

मास्तरांना रडू आलं. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, एकानं धूसर, पण पाणी दोन्हींतून आलं. ती बेचाळीस वर्षांच्या संसारातली बायको, तोंडानं फटकळ, रागावली की भांडी आपटणारी. ती दीड वर्ष आपल्या मागे बसून आपली वाकडी टीप उसवत होती आणि सरळ करून आपल्याच नावानं बाहेर पाठवत होती. ना कुणाला सांगितलं, ना ऐकवलं, उलट शिव्या खाल्ल्या. मग जिनं हे केलं तिच्या काळजात ही माया ज्यानं घातली, तो स्वतः काय पट्टी घेऊन उभा असेल? देवापेक्षा बायको दयाळू, असं कसं होईल? साठी उलटलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळायला एक गाठ बोटाला लागावी लागली.

"थेंब दे," ते म्हणाले. "घाल डोळ्यात."

म्हणून काय भीती पळाली? छे! गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावरून ते दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. आत नेलं, आडवं केलं, तोंडावर हिरवं कापड टाकलं, डोळ्याएवढंच भोक ठेवलेलं. गुंगी दिली नव्हती, सगळं ऐकू येत होतं. "मास्तर, अजिबात हलायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांना वाटलं, उठावं आणि पळावं. पण पळायला त्राण कुठे होतं? कापडाखाली ते ओठ न हलवता म्हणाले, "देवा, मी दमलो. तुला घाबरून घाबरून दमलो. ती मखमल मीच चोरली, तुला माहीतच आहे. आता तुझ्या हातात पडलोय. वाकडं गेलं तर उसवून घे." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांचे वर चढलेले खांदे खाली आले. भीती तिथेच होती, पण तिच्यासोबत आता आणखी कुणीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. आधी खिडकी दिसली, मग डॉक्टरीणबाईंचा चष्मा, मग खुर्चीवर बसलेली बायको. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले.

"अगं, तू म्हातारी झालीस."

"तुम्ही बघत नव्हतात ना, तेवढ्यात उरकून घेतलं," बाई म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं.

या वेळी मास्तरांनी महिना पाळला. मशीनकडे पाठ करून बसले, पण हात लावला नाही. राहिलेली कामं बाई करत होत्या.

महिना संपला त्या दिवशी जेवण झाल्यावर मास्तर पडद्याशी उभे राहिले. बाई टेबलाशी सुईत दोरा ओवत होत्या. हात लांब धरलेला, मान मागे, डोळे बारीक केलेले. दोरा सुईच्या नाकाच्या बाजूनं गेला. पुन्हा ओला केला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदाही तेच.

"काय गं?"

बाई दचकल्या. "कुठे काय! उजेड कमी आहे."

वर तीन दिवे लखलखत होते. मास्तरांनी दिव्यांकडे पाहिलं, मग बाईंच्या मांडीवरच्या पँटीकडे. काळी पँट, गडद निळा दोरा. टाके मधेच खाली उतरलेले. दीड वर्ष रोज दुपारी एकेक टाका. त्या डोळ्यांचं काय झालं असेल, हा विचार त्यांना एकदाही शिवला नव्हता.

उद्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावायचा, हे सांगायची ती वेळ नव्हती. तीही घाबरणार होती, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिच्या हातातून सुई घेतली, पँट घेतली.

"जरा पड आता," ते म्हणाले. "तासभर पाठ टेक."

बाई कुरकुरत खाटेवर जाऊन पडल्या आणि पाचव्या मिनिटाला झोपल्या. किती दमली होती बिचारी. मास्तरांनी पडदा ओढून घेतला, स्टुलावर बसले, आणि तिचे वाकडे टाके एकेक करून उसवले. मशीनला हात लावला नाही, जागी झाली असती. काळा दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात. हातानं, एकाला एक लागून टाके घालत खालपर्यंत आले.

शेवटाला त्यांनी दोऱ्याला तीन वेढे दिले आणि तिची गाठ मारली.