भट्टीच्या दारातली ऐरण

ती ऐरण मला अजून आठवते. नोकरीत यापेक्षा मोठे गुन्हे हाताळले. पण साक्ष देणारा, तपास करणारा आणि घोळ घालणारा एकच माणूस, असा गुन्हा तो एवढाच. तो माणूस मी होतो.

निवृत्तीला पाच महिने उरले होते. शिपाई म्हणून भरती झालो, कोणाची चिठ्ठी नाही की वशिला नाही. सहायक फौजदार होईपर्यंत केस पांढरे झाले. पुढे घरी बसून भिंती बघण्यापेक्षा लोहारकाम शिकावे असे ठरवले. त्याला आधी ऐरण लागते. नवी महाग, म्हणून जुनी शोधत होतो. गारगोटीच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या लोहाराने मला पारख शिकवली होती. रंगाला भुलायचे नाही. हातोड्याचा हलका ठोका मारायचा. चांगली पोलादी ऐरण घंटेसारखी वाजते, तडा असेल तर आवाज फुटका येतो. बेअरिंगमधला छर्रा वीतभर उंचीवरून सोडायचा. पोलादावरून तो जवळजवळ हातापर्यंत उसळतो, बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या ऐरणीवर मेल्यासारखा पडतो. आणि कडा बघायच्या. ऐरण कोणी कशी वापरली ते कडा सांगतात.

एका रविवारी सकाळी साध्या कपड्यांत एका भंगारवाल्याकडे गेलो. कोपऱ्यात ऐरण होती, अंगावर ताजा काळा रंग, वर एक जड साखळी टाकलेली.

"बघा की पावणं, हात लावून बघा," भंगारवाला म्हणाला. "असला माल कोल्हापुरात मिळायचा न्हाय."

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वजनाला गेला तेवढ्यात मी साखळी सरकवून छर्रा सोडला. टप्पकन हातात आला. नखाने टिचकी मारली तरी ऐरण गुणगुणली. एक गोष्ट वेगळी दिसली. नेहमीच्या लोहाराची जी कड झिजते ती शाबूत होती आणि समोरची झिजून गोल झाली होती. डावखुऱ्याची ऐरण. मला हवी तशी, अस्सल.

आता भाव करायचा. जी वस्तू मनात भरली तिला चारचौघांत नावे ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. साखळी परत तिच्या अंगावर टाकली. साखळीने आवाज मरतो, हे मला ठाऊक होते. तो आल्यावर मी मोठ्याने ठोका मारला. ठक्क.

"ऐकलंस? बिडाची हाय ही. रंग फासून गिऱ्हाईक गंडवतोस व्हय?"

"पावणं, शप्पत सांगतो..."

"शपथा नको. दोन ठोक्यांत फुटंल. हिला कोण घेणार? भट्टीत घालून वितळव, तेवढीच लायकी."

तिथली चार गिऱ्हाइके हसली. भंगारवाल्याचा चेहरा पडला. मी "उद्या येतो" म्हणून निघालो. एक रात्र भिजत ठेवले की भाव आपोआप उतरतो, असा माझा हिशेब.

सोमवारी सकाळी ठाण्यात एक बाई आली. वय पन्नाशीचे, हातांवर भाजल्याचे डाग. शिवाजी पेठेत तिची लोहारकामाची शेड. नवरा गेल्यावर तीच एकटी चालवत होती. शनिवारी ती नात्यातल्या लग्नाला गेली असताना शेडचे कुलूप तोडून कोणीतरी ऐरण नेली होती.

"साहेब, पंधरा दिवसांत ऊसतोड सुरू हुतीया. बिद्रीकडच्या टोळ्यांचं कोयतं माज्याकडं पडल्यात. ऐरण न्हाय तर काय दगडावर घडवू? ह्या सालाला माल दिला न्हाय तर टोळ्या दुसरीकडं जात्यात, त्या परत येत न्हाईत. शेडच बंद करायची मग."

फिर्याद लिहून झाली. तिने सही केली, डाव्या हाताने.

मी कागद बाजूला सरकवला. विचारले, "मावशी, ऐरणीची कड..."

"एक गोल हाय. मालक डावखुरं, मी बी डावखुरी."

गुन्हा दाखल करून, स्टेशन डायरीला नोंद टाकून, हवालदार आणि दोन पंच घेऊन मी जीपमध्ये बसलो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती: काल मी काय बोललो. भंगाराच्या अड्ड्यावर पोचलो तर कोपरा रिकामा.

भंगारवाला माझ्या वर्दीकडे बघतच राहिला. "आरं! पावणं, तुमी पोलीस?"

"ऐरण कुठाय?"

"भट्टीच्या मालात भरली की. तासाभरापूर्वी टेम्पो गेला फाउंड्रीला."

"का भरलीस?"

"का म्हंजे? तुमीच म्हणालासा की, भट्टीत घाल!"

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी जीपकडे धावलो. तिकडे एका बाईचे पोट भट्टीकडे निघाले होते आणि तिथवर मी पाठवले होते. फाउंड्रीपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. प्रत्येक सिग्नलला ड्रायव्हरवर ओरडत होतो. त्याची काही चूक नव्हती.

फाउंड्रीत चुंबकाची क्रेन ढिगातून माल उचलून भट्टीत सोडत होती. वर्दी बघून क्रेन थांबली. आम्ही तिघेचौघे ढिगावर चढलो. गाड्यांचे ड्रम, पाइप, मोटारींची टरफले उपसत होतो. हात कापले. शेवटी हवालदार ओरडला, "घावली!" ती ढिगाच्या भट्टीकडच्या अंगाला होती. आणखी दोन-तीन खेपा, आणि संपले असते.

पंचांसमोर छर्रा सोडला, उसळी पाहिली, गोल कड मोजली, तसा पंचनामा केला. मुद्देमाल ठाण्यात आणला.

भंगारवाल्याची चौकशी मी दमात घेऊन केली नाही. चहा पाजला आणि वजन विचारले.

"एकाहत्तर किलो," तो पटकन म्हणाला.

"आणली कोणी?"

"आठवत न्हाय साहेब. लई येत्यात."

"एकाहत्तर किलो आठवतं आणि माणूस आठवत न्हाय?"

भंगारवाला वजन विसरत नाही, आणि ज्याला वजन आठवते त्याला टेम्पोही आठवतो. दीड तासाने नाव बाहेर आले. बाईला कोळसा पुरवणारा टेम्पोवाला. संध्याकाळी तोही हाताला लागला.

इथे संपायला हवे होते. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने वकील आणला आणि पवित्रा बदलला. त्याचे म्हणणे, टेम्पोवाल्याकडून घेतली ती बिडाची होती, ती वितळली; सापडलेली पोलादी ऐरण वेगळी, त्याची स्वतःची जुनी, चुकून मालात गेलेली. साक्षीला रविवारची चार गिऱ्हाइके. एका जाड्या माणसाने, म्हणजे मीच, ती बिडाची आहे असे ओरडून सांगितलेले चौघांनी ऐकले होते. मालकीचा वाद उभा राहिला की मुद्देमाल ठाण्यात पडून राहतो, सहज दोन वर्षे. बाईकडे दिवस होते चौदा.

अड्ड्यावरची ऐरण आणि ढिगातली ऐरण एकच, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. निरीक्षक साहेबांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतले.

"चोरीच्या मालाचा भाव करत होतास, हे कागदावर आणतोस? पाच महिने राहिलेत. बाईचं काय व्हायचं ते होईल."

दोन रात्री झोप नाही. पेन्शन, चौकशी, घरचे काय म्हणतील, सगळे डोळ्यांसमोर. तिसऱ्या दिवशी जबाब लिहून दिला. मी ऐरण तपासली, ती पोलादी असल्याची खात्री झाली, साखळी मुद्दाम ठेवून तिचा आवाज दाबला आणि भाव पाडण्यासाठी ती बिडाची असल्याचे खोटे बोललो. नोकरीत हजारो जबाब लिहिले. स्वतःचा हा पहिलाच.

न्यायालयाने चौथ्या दिवशी ऐरण बाईच्या ताब्यात दिली. न्यायला आली तेव्हा तिला सगळे कळलेले होते.

"तुमीच व्हय, माज्या ऐरणीला बिडाची म्हणणारं?"

"भाव पाडायला म्हणालो, मावशी."

"सासऱ्यानं, मालकानं घाम गाळला तिच्यावर. चांगली दिसली तर चांगली म्हणायला काय जीभ झडती हुती?"

उलटे बोलायची माझी सवय. त्या दिवशी ऐरणीचे एक टोक धरले आणि ती टेम्पोत चढवायला लागलो.

कोयते वेळेत गेले. गुन्हा उघडकीस आणल्याचे बक्षीस पथकाला मिळाले, शाल-श्रीफळ निरीक्षकांना, आणि मला कारणे दाखवा नोटीस. सेवापुस्तकात ठपका घेऊन मी घरी गेलो. ज्यांनी जबाब देऊ नको म्हटले, ते फोटोत पुढे उभे होते. याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असे मला वाटतही नाही.

पण एक मान्य करतो. आयुष्यभर समजत होतो की सौद्यातले खोटे सौदा संपला की संपते. तसे नसते. ऐकणारा ते खरे धरून पुढे वागतो, आणि त्याची झळ तिसऱ्यालाच लागते. आरोपींना मी हेच सुनावत आलो होतो, स्वतःला कधी सुनावले नव्हते.

पुढे मी ऐरण घेतली ती त्याच बाईला सोबत नेऊन. तिने वाकून खालची बाजू पाहिली, कडांवरून बोट फिरवले आणि विकणाऱ्याच्या तोंडावर खणखणीत सांगितले, "माल झकास हाय, डोळं झाकून घ्या." विकणाऱ्याने एक रुपया कमी केला नाही. घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. ती टेम्पोत पुढे बसून हसत होती.