देशकर काकांचा ग्लास

देशकर काका कुणाला निरोप देताना ‘या पुन्हा’ म्हणत नसत. पाहुणा चपला घालायला वाकला की ते दारात येऊन म्हणायचे, "पाणी उकळून प्या." शेजारच्या मिश्राजींच्या मुलीची पाठवणी होती, तेव्हा गाडीत बसून रडणाऱ्या नवरीलाही त्यांनी खिडकीतून हेच सांगितलं. ती रडता रडता हसली.

काका मूळचे नागपूरचे. सरकारी नोकरीत भोपाळला आले, पाणी तपासण्यात आयुष्य घालवलं आणि निवृत्तीनंतर हबीबगंजजवळच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहू लागले. कुठेही जाताना खांद्याला स्टीलची बाटली असायची. तिच्यात उकळून गार केलेलं पाणी आणि त्यात वाळ्याची छोटीशी जुडी. कुणाच्या घरी पाण्याचा ट्रे पुढे आला की काका हात जोडायचे. "वहिनी, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पाण्यावर नाही. विश्वास माणसावर ठेवावा, पाण्यावर ठेवू नये."

मी त्यांचा पट्टशिष्य. माझी योग्यता एवढीच, की मला नाही म्हणता येत नाही आणि काकांना बरणी धरायला कुणीतरी लागायचं.

बरणीचं असं, की आमच्या पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन मागच्या गटाराला खेटून गेलेली आणि ठिकठिकाणी गंजलेली होती. सकाळी नळ सोडला की पहिली बादली पिवळसर यायची. पावसाळ्याआधी ती लाइन बदलायचीच, असा काकांनी चंग बांधला. नळाचं पाणी काचेच्या बरणीत भरून आम्ही दारोदार हिंडायचो. मी बरणी उजेडात धरायची, काकांनी बोलायचं. "पाणी दिसायला साधूच असते राजा. आत काय हाय, ते पातेल्याले विचारा." नागपूर सोडून त्यांचा जन्म गेला होता, पण रंगात आले की नागपूर बाहेर यायचं.

मिश्राजींकडे मी बरणी टेबलावर ठेवली आणि चहाच्या नादात विसरलो. मिश्राजींच्या आईंना वाटलं, मी हरिद्वारहून गंगाजल आणलंय. त्यांनी पळीभर काढून तोंडाला लावायला आणि मी झेप घ्यायला एकच गाठ पडली. पळी उडाली, बरणी फुटली, म्हाताऱ्या आईंनी मला नास्तिक ठरवलं. बाहेर पडल्यावर काका म्हणाले, "गाढवा, आज एक माणूस वाचवलास बघ." तेवढ्यावर मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

अडचण एकच होती. कमिटीकडे त्या वर्षी एका मोठ्या कामापुरताच निधी होता. पाइपलाइन, नाहीतर आमच्या इमारतीला लिफ्ट. अध्यक्ष सक्सेनाजींना लिफ्ट हवी होती, कारण त्यांना वरचा फ्लॅट विकायचा होता. खरी गरज कुणाला असेल तर ती देशकर काकूंना. त्यांचे गुडघे पार गेले होते. खालचं हळदीकुंकूसुद्धा त्या गॅलरीतून बघायच्या आणि वरून हात हलवायच्या. तरी काकाच म्हणायचे, "आधी नळ, मग लिफ्ट." मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा!

मे महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली. सक्सेनाजी गोड आवाजात म्हणाले, "पानी तो ठीक ही आ रहा है. देशकर साहब पानी के आदमी हैं, वही बता दें."

काका उठले. आता सक्सेनाजींची धुलाई होणार म्हणून मी खुर्चीच्या टोकाला येऊन बसलो. काकांनी समोरच्या टेबलावरचा भरलेला ग्लास उचलला आणि घटाघट रिकामा केला. मी त्यांच्या शेजारीच होतो. वाळ्याचा मंद वास आला, तो मला कूलरच्या पडद्यांचा वाटला.

"पानी ठीक है," काका म्हणाले. "इस साल लिफ्ट कर लीजिए."

ज्या माणसाने जन्मात दुसऱ्याच्या घरचं पाणी घेतलं नाही, तो सोसायटीचं पाणी प्यायला! मी मनाशी हिशेब जुळवला: काकांनी गुपचूप तपासणी केली असणार, पाणी सुधारलं असणार. गुरूला एकटं पाडायचं नाही, म्हणून मी तरातरा हॉलच्या नळापाशी गेलो, ग्लास भरला, सर्वांसमोर प्यायलो आणि वर म्हणालो, "देशकर साहब ने पिया, तो मैं क्यों नहीं?" टाळ्या पडल्या. आयुष्यात मला टाळ्या मिळालेलं हे एकमेव भाषण. काकांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. विनय, असं मी समजलो.

घरी सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं, "मग आता पाणी उकळायचं बंद करू?"

"बंद," मी ऐटीत म्हणालो. सगळ्या सोसायटीतच पातेली उतरली. काका प्यायले होते ना!

पाऊस सुरू झाला आणि घरोघरी कावीळ निघाली. मी हळदीच्या गाठीसारखा पिवळा होऊन पडलो. मिश्राजींच्या आईंना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या घरी परत आल्या, पण पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारणं तेव्हापासून थांबलं. बरणीतल्या पळीपासून मी त्यांना वाचवलं होतं, नळापासून नाही.

काका मला भेटायला आले. उशाशी बसले, बाटलीतलं पाणी ग्लासात ओतून त्यांनी माझ्या हातात दिलं. "घे, घोट घोट पी."

ग्लास ओठांशी नेला आणि थांबलो. वाळा. पावसाळ्यात आमच्या खोलीत कूलर नव्हता. मग आठवलं, सभेच्या दिवशी वीज गेलेली होती. कूलर बंद, माणसं वर्तमानपत्रांनी वारा घेत होती.

"काका, त्या दिवशी तुमच्या ग्लासात हेच होतं?"

त्यांनी बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. "तिनं दोन वर्षं जमिनीवर पाय ठेवला नव्हता रे," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी लाइन करूनच घेतली असती मी."

"आणि आम्ही?"

"तू पिशील असं वाटलं नाही." आवाजात अपराधीपणा होता, पण त्याहून जास्त रागच होता. "बाकीच्यांचं सोड. तुले तर मी शिकवलं होतं. तू काऊन प्यायला बे?"

माझा विश्वास पाण्यावर नव्हताच. त्यांच्याच शिकवणीप्रमाणे तो माणसावर होता. मी ग्लास खाली ठेवला. तहान लागली होती, तरी ठेवला.

दिवाळीच्या आत लिफ्ट झाली. काकू नवी साडी नेसून खाली उतरल्या. बायकांनी ओवाळलं. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "बघितलंस सुधीर? तुझ्या काकांनी कमिटीशी भांडून आणली हं!"

"हो ना काकू," मी म्हणालो. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, म्हणून सुनंदाची बोलणी मी रोज खातो. ही मात्र राहिली. काका मागे उभे होते, ते अंगणातल्या फरश्या बघत होते.

पाइपलाइन नव्या कमिटीने पुढच्या वर्षी बदलली. त्यानंतर काका-काकू मुलाकडे पुण्याला जायला निघाले. सामान उचलायला मीच गेलो; सांगितलं ना, मला नाही म्हणता येत नाही. स्टेशनाचं नाव बदललंय, आम्ही अजून हबीबगंजच म्हणतो. काकूंना जागेवर बसवून मी खाली उतरलो. काका डब्याच्या दारात आले. खांद्याला बाटली होतीच.

गाडी हलली. सवयीने काकांचं तोंड उघडलं. मी वाट पाहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

घरी आल्यावर सुनंदाने विचारलं, "निघताना काय म्हणाले काका?"

"काही नाही," मी म्हणालो आणि गॅसवर पातेलं चढवलं.