सतरा आडवा : नाक्यावरचा चहा

खैरुद्दीनला कोरा चौकोन दिसला की हाताला खाज सुटते. अबुधाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत तो एकतीस वर्षं परमिट ऑफिसात बसला. आत वेल्डिंग करायचंय, टाकीत उतरायचंय, तर आधी त्याच्या टेबलावर फॉर्म. एक रकाना जरी रिकामा असला तरी भल्याभल्या इंजिनिअरला तो माघारी धाडायचा, "हबीबी, पहले ये भरो." लोक तोंडातल्या तोंडात शिव्या घालायचे नि गपगुमान भरून आणायचे. बरोबरच होतं म्हणा, तिथे एक रकाना राहिला तर माणूस जिवानिशी जायचा.

त्याचं दुसरं वेड म्हणजे रविवारचं शब्दकोडं. बायको अजरा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात. तिकडच्या पेपरातली कोडी ती कापून ठेवायची, आणि गावातलं जे कुणी अबुधाबीला निघेल त्याच्या बॅगेत, सुके बोंबील नि कोकमाच्या पिशवीखाली, सरकवायची. उत्तरं मात्र सोबत नाहीत. उत्तरं त्याच्या पुढच्या माणसाबरोबर! नवरा चोरून उत्तरं बघतो हे तिला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं, म्हणून हा नियम. पुढे मोबाइलवर फोटो पाठवायची सोय झाली, पण खैरुद्दीन म्हणाला, काचेवर बोट घासून कोडं सुटत नाही, पेन्सिलच पाहिजे. आणि एकतीस वर्षांत त्याने एकही चौकोन कोरा सोडला नव्हता. हे तो न विचारताही सांगायचा.

कोरोनानंतर कोडी यायला लागली ती अजराच्या अक्षरात, गणिताच्या चौकटी वहीच्या पानांवर. हल्ली पेपरचा कागद इतका फालतू येतो की कापताना फाटतो, म्हणून उतरवून काढते, असं तिने सांगितलं. खैरुद्दीनने मान डोलावली. सगळ्या कंपनीचे फॉर्म तपासणारा माणूस, पण बायकोचं बोलणं तपासायची अक्कल काही अल्लाने दिली नव्हती.

उलट कोडं बनवणाऱ्यावर तो फिदाच झाला. रूममेट राजन मालवणचा. त्याला दर आठवड्याला ऐकावं लागे की हा माणूस आधी देशांच्या राजधान्या विचारायचा, आता बघ, सांदणाला रवा कुठल्या तांदळाचा ते विचारतो. आपल्यातलाच कुणीतरी दिसतो. फोनवर अजरापुढेही हीच तारीफ. ती ऐकून घ्यायची नि म्हणायची, बरं, जेवलात का?

यंदा तो साठीला आला तसा कंपनीने कागद हातात दिला. अजून दोन वर्षं राहणार का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही. महिनाअखेरपर्यंत भरून द्यायचा. खैरुद्दीनचा कल 'होय'कडे. गाव काय, जिथल्या तिथे आहे, पळून थोडंच जातंय? अजराला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, तुम्ही ठरवा. मग कागद पडला खणात, आणि लोकांचे चौकोन तपासतोस, तुझा कोण तपासणार, म्हणून राजनला चिडवायला विषय मिळाला.

असाच एका शनिवारी तो बसने अबुधाबीला गेला. गावचा अक्रम अल रीम आयलंडवर एका कुटुंबाकडे ड्रायव्हर आहे. तो रजेवरून परतला होता, त्याच्याकडून पिशवी घेतली. परतीच्या बसमध्येच पेन्सिल निघाली. सतरा आडवा वाचून तो मोठ्याने हसला. 'बंदराच्या नाक्यावर चहा कुणाच्या हातचा? तीन अक्षरं.' हे काय कोडं झालं? यूनुस! शाळेतला दोस्त. दोन वर्षांपूर्वी, मागच्या रजेत, त्याच्याच हातचा प्यायला होता.

पण यूनुस बसेना. 'राखेखाली धगधगतो' म्हणजे निखारा, त्यातून मधलं अक्षर 'नि' मिळालं. 'गुरुवारी गावात भरतो' तो बाजार, त्यातून शेवटचं 'बा'. तीन दिवस त्याने खोडलं, लिहिलं, कागदाला भोक पाडलं. अक्रमला विचारलं असतं तर चुटकीसरशी सुटलं असतं, पण ठाऊक असलेली गोष्ट कोण कुणाला विचारतो? कोडंच चुकलंय, असं ठरवून मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने थेट रत्नागिरीला पेपरच्या ऑफिसात फोन लावला.

तिथल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, लॉकडाउनमध्ये आम्ही पानं कमी केली ना, तेव्हापासून शब्दकोडं बंदच आहे."

खैरुद्दीन डबा तसाच ठेवून बसून राहिला. संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्याने ट्रंकेतून जुनी पानं काढली. दोनशेच्या वर कोडी! दहावी झालेल्या बाईने चुलीपाशी बसून एकेक शब्द जुळवला होता. 'मागच्या दारचा फणस कशाने पडला?' त्याने वादळ भरलं होतं, पण फणस कुणाचा हे विचारलं नव्हतं. 'एकटीच्या स्वयंपाकात रोज उरतो.' त्याने भात लिहून पान उलटलं होतं. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि बायकोचा असा काही अभिमान वाटला की डोळेच भरून आले. राजनला त्याने सांगितलं, मसाल्याचा ठसका लागला.

मग अजराला फोन केला. पेपरात फोन केला होता, एवढंच तो बोलला. तशी ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने विचारलं, सतरा आडवा अडला ना?

"अडला. सांग आता."

"नियम म्हणजे नियम. उत्तर पुढच्या माणसाबरोबर. पण इकडून आता कुणी निघत नाही."

"मग पाठवू नकोस," खैरुद्दीन म्हणाला. "मीच घ्यायला येतो. कायमचा."

 त्यावर तिने विचारलं, जेवलात का?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खणातला कागद काढून 'नाही'च्या चौकोनात खूण केली. मॅनेजरने दोनदा विचारलं, हा दोन्ही वेळा म्हणाला, खलास.

गावी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तो नाक्यावर गेला, अजराला सोबत घेऊन. यूनुस बाकड्यावर पाय पसरून बसला होता. गुडघे गेले, वर्ष झालं, म्हणाला. शेगडीशी एक तरतरीत बाई चहा गाळत होती, त्याची सून. खैरुद्दीनने तिचं नाव विचारलं.

"मुनिबा," ती म्हणाली.

त्याने खिशातून भोक पडलेला कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि तीन चौकोन भरले. अजराने तपासून मान हलवली. मग दोघांनी चहा घेतला. खरं सांगायचं तर यूनुसच्या चहापेक्षा तो चांगला होता.