काच आणि दगडाच्या मधला विठोजी

विश्वासरावांना आमच्या गल्लीत सगळे देवमाणूस म्हणत. म्हणोत बापडे. मेहुण्याला बायकोसकट घरात ठेवून घेतलं, परसातली खोली दिली, कामाला लावलं. एवढं केलं की त्या काळी मल्लेश्वरममध्ये माणूस देव व्हायचा. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून होतं. बाकीचे देव मी तसबिरीत पाहिले आहेत, हा तेवढा जवळून पाहिला.

मेहुण्याचं नाव विठोजी. विश्वासरावांच्या बायकोचा, सगुणाबाईचा, धाकटा भाऊ. आम्हा मराठी लोकांची घराणी बंगळुरात इतकी जुनी, की मूळ गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. गावं विसरली, पण रीती विसरल्या नाहीत. त्यातली एक रीत अशी, की भावानं बहिणीच्या घरी द्यायला जावं, मागायला जाऊ नये. मागितलं की बहिणीची मान सासरी खाली जाते. विठोजी तर बहिणीच्याच घरी राहायला आलेला. पण ताटात मीठ कमी पडलं तरी मागायचा नाही. त्याची बायको प्रेमा मला सांगायची, "अळणी गिळतात, पण हात पुढं करत नाहीत." अशा माणसाला आमच्यात शहाणा म्हणतात. मी तेव्हाही मूर्खच म्हणत होते.

विश्वासरावांकडे लढाईनंतर लष्कराच्या लिलावातून घेतलेली पिकअप गाडी होती. पन्नास सालानंतर बंगळूर चहूबाजूंनी वाढायला लागलं. राजाजीनगर म्हणू नका, बनशंकरीकडचा माळ म्हणू नका, जिकडंतिकडं घरं उठत होती. घराला खिडक्यांची काच लागते आणि कुंपणाला, पायऱ्यांना दगडी लाद्या लागतात. कुणीही शहाणा माणूस या दोन वस्तू दोन खेपांत नेईल. विश्वासराव एकाच खेपेत न्यायचे, कारण पेट्रोल त्यांच्या जिवावर यायचं. काचेची खोकी केबिनला टेकवून पुढं, लाद्या मागं फाळक्याजवळ. ब्रेक मारला की दगड पुढं सरकून काचेवर जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून दोहोंच्या मधे विठोजी.

पाठ काचेच्या खोक्याला, तळपाय दगडाला. गाडी थांबताना त्यानं पाय ताणून दगड अडवायचा. हे त्याचं काम. त्या दिवसांत मालधक्क्यावरच्या बऱ्याच गाड्यांच्या हौद्यात असा एकेक माणूस बसलेला असायचा. बेळगावकडचा यल्लाप्पा दुसऱ्या एका गाडीत असाच बसे. दोघांची तिथंच दोस्ती जमली. दोघंही चालताना फेंगडे पडायचे, त्यावरून बायका हसायच्या. मीही हसले आहे.

एकदा मुख्य रस्त्याच्या उतारावर गाईला वाचवायला विश्वासरावांनी जोरात ब्रेक मारला आणि लादीखाली विठोजीच्या उजव्या पायाचा अंगठा सापडला. विश्वासराव खाली उतरले, खोक्यातलं गवत बाजूला करून काच पाहिली आणि म्हणाले, "शाबास. एक तडा नाही." पायाकडं त्यांचं लक्ष नंतर गेलं. अंगठा काळा पडून शेवटी काढावाच लागला. सगुणाबाईनं भावाला हळदीचं दूध दिलं आणि गल्लीभर सांगितलं की यांनी गाय वाचवली.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी एक सीट होती. चांगली, कातड्याची, कुठं उसवलेली नाही. त्या सीटवर विश्वासरावांचा जेवणाचा डबा प्रवास करायचा. विठोजीला आयुष्यात काही हवं होतं तर ती सीट. मजुरी वाढवा, खोली मोठी द्या, असलं काही नाही. दाजींनी आपण होऊन म्हणावं, 'ये, पुढं बस,' आणि आपण काचेतून रस्ता समोरून येताना पाहावा, एवढंच. त्यानं रस्ता कायम मागं जातानाच पाहिला होता. मागायची तर सोय नव्हती. तेव्हा त्यानं न मागता मिळवायची युक्ती काढली.

काचेची रिकामी खोकी मागच्या अंगणात पडलेली असत. त्यांच्या फळ्या त्यानं सोडवल्या, खिळे ठोकून सरळ केले. आमच्या ह्यांचा रंधा आणि करवत नेली. हौद्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उभ्या लाकडी खाचा नटबोल्टनं आवळायच्या आणि त्यांत वरून एकावर एक फळ्या सरकवून काच आणि दगडाच्या मधे आड उभी करायची, अशी त्याची कल्पना. खाचांच्या तीन जोड्या, म्हणजे काच जास्त असली की आड मागं घ्यायची, कमी असली की पुढं. फळ्या खडखडू नयेत म्हणून वर पाचर. दगडाच्या अंगाला गोणपाट. कापताना फळी हलू नये म्हणून यल्लाप्पा ती गुडघ्याखाली दाबून धरायचा.

"कशाला एवढी खटपट, अण्णा?" यल्लाप्पानं विचारलं.

"आड बसली की मागं माणूस कशाला लागतोय?" विठोजी म्हणाला. "मग मी पुढं."

दोघांनाही या वाक्यात काही वावगं दिसलं नाही. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण बायकांना कोण विचारतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आड तयार झाली. विश्वासरावांनी फळ्या हलवून पाहिल्या, मान डोलावली. "सरी, ठीक आहे. पण टिकेल कशावरून?" म्हणून त्यांनी मागं लाद्या भरल्या आणि काचेच्या जागी विठोजीला बसवलं. फळी मोडली तर काच कशाला फोडायची, हा त्यांचा हिशेब. गाडी उताराला नेली, वेगात सोडली आणि मधेच ब्रेक मारला. दगड धाडकन आडीवर आदळला. प्रेमा माझ्याशेजारी रस्त्याकडेच्या कठड्याला धरून उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. आड जागची हलली नाही. विठोजी आतून उठला तो हसतच.

दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा झाली. चाकाखाली लिंबं चिरडली, कोहळा फोडला, आणि सगुणाबाईनं आडीच्या फळीलाही हळदकुंकू लावलं. विठोजीला नवा सदरा मिळाला. दसऱ्यानंतरच्या पहिल्या खेपेला तो सदरा घालून, केस चोपून, तो केबिनच्या दाराशी जाऊन उभा राहिला. नुसता दारावर हात ठेवून उभा राहिला.

"तू कुठं निघालास?" विश्वासरावांनी विचारलं.

"गाडीवर, दाजी."

"गाडीवर आता तुझं काय काम? उतरवून घ्यायला तिकडची माणसं असतात." मग सदऱ्याकडं बघून म्हणाले, "नवा सदरा मळवू नकोस. घरी बस."

डब्याला पुढच्या सीटवर बसवून ते निघून गेले. विठोजी धूर विरेपर्यंत तिथंच होता. मला त्या माणसाचा इतका राग आला, की मी हातातली घागर तशीच टाकून घरात गेले. राग कुणाचा, विश्वासरावांचा की त्याचा, ते विचारू नका. दोघांचाही.

पण देवमाणूस तो देवमाणूस. मेहुण्याला त्यांनी लगेच घालवलं नाही. मालधक्क्यावर आडीचं नाव झालं होतं. बाकीचे गाडीवाले विचारू लागले. विश्वासरावांनी विठोजीला सांगितलं, "परसात बसून सगळ्यांना करून दे. खोलीत राहतोस, खातोस, तेवढं तरी होऊ दे." विठोजीला हुरूप आला. त्याला वाटलं, दाजींचं नाव होतंय आपल्यामुळं, आता बोलावतील. तो आडी करत गेला. एकेक आड बसली की एकेका गाडीतला माणूस खाली उतरला. फेंगडी माणसं मालधक्क्यावर भिंतीला टेकून बसलेली दिसू लागली. आधी त्यांनी विठोजीशी बोलणं टाकलं. मग एके दिवशी त्याच्यावर थुंकले.

शेवटी यल्लाप्पाच्या मालकानं माप पाठवलं. माप घेऊन यल्लाप्पाच आला.

"अण्णा, आमची तेवढी करू नको की," तो म्हणाला. "माझ्या या पायांना दुसरं काम कोण देतंय?"

विठोजी जमीन उकरायला लागला. मग म्हणाला, "मी नाही म्हटलं तर दाजी खोली काढून घेतील. आणि आता बोलावतील मला पुढं. स्वल्पच राहिलंय."

वेड्या माणसाकडं पाहावं तसं यल्लाप्पानं त्याच्याकडं पाहिलं. पण विठोजीनं करवत उचलली, आणि फळी हलायला लागली तेव्हा यल्लाप्पानं ती गुडघ्याखाली दाबून धरली. सगळ्या फळ्या कापून होईपर्यंत धरली. मग धोतर झटकून गेला. पुन्हा तो कुणाला दिसला नाही. या गोष्टीसाठी मी विठोजीला आजही माफ केलेलं नाही. बिचारा होता म्हणून काय झालं?

धक्क्यावरच्या सगळ्या गाड्यांना आडी बसल्या आणि विठोजीचं काम संपलं. विश्वासरावांना परसातली खोली सिमेंट ठेवायला हवी होती. सगुणाबाईनं भावाला जवळ बसवून, डोळ्यांना पदर लावून सांगितलं, की के. आर. पुरमकडं प्रेमाच्या मामाची झोपडी आहे, तिथं तुम्हाला मोकळं वाटेल. सामान पोचवायला गाडी देतो म्हणाले हे. देणारच. त्या दिवशी तिकडं लाद्या टाकायच्याच होत्या.

सकाळी लाद्या मागं भरल्या, मधे आड लावली, आणि काचेच्या जागी विठोजीची ट्रंक, वळकटी, भांडी ठेवली. निरोप द्यायला गल्ली जमली होती. तेव्हा विठोजीनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. तो विश्वासरावांच्या समोर गेला आणि सगळ्यांच्या देखत बोलला, "दाजी, आज जातोच आहे. एवढ्या एका वेळी मी पुढं बसू?"

सगुणाबाईनं मान खाली घातली. विश्वासराव मात्र खरोखरच चकित झाले. चेहऱ्यावर जरासुद्धा कपट नव्हतं, ते असतं तर बरं झालं असतं.

"तुला पुढं बसायचं होतं?" ते म्हणाले. "अरे, मग सांगायचं नाही का? इतकी वर्षं ती सीट रिकामीच तर होती."

विठोजी त्यांच्याकडं बघत राहिला. मी माणूस मरताना पाहिला आहे, तेव्हा एवढं वाईट दिसलं नव्हतं.

"आज जमायचं नाही," विश्वासराव पुढं म्हणाले. "तुझी अक्का येतेय बरोबर. येताना तिला उल्सूरला देवाला जायचंय."

सगुणाबाई पुढं बसली. विठोजीनं प्रेमाला हात देऊन हौद्यात चढवलं आणि स्वतः चढला.