सूचीत उरलेली पाखाडी

नकाशा मागायला दादा स्वतः पनवेलला माझ्या घरी आला, तोही आमसुलांची पिशवी घेऊन. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या घराण्यात कोणी कोणाला उगाच आमसुलं देत नाही.

दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. दिघीच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथल्या गावकीत त्याचा शब्द चालतो. "बाय, देवळात लावायला गावाचा मोठा नकाशा काढून दे," तो म्हणाला. "शिमग्याला मुंबईची पोरं येतात, त्यांना सोताचं गाव म्हाईत न्हाय. आणि खाली तुझं नाव टाकायचं, ठळक." नाव म्हटल्यावर मी पाघळले. कंपनीत मी पाइपलाइनचे नकाशे काढते, पण त्यांच्यावर माझं नाव कधीच नसतं.

गाव मोबाइलवर नोंदवून घ्यायला दादाच माझ्याबरोबर हिंडला. विहिरी, घरं, शाळा, डांबरी रस्ता आणि शेवटी पाखाडी. देवळामागून जांभ्याच्या पायऱ्या सुरू होतात, दादाच्या सुपारीच्या वाडीतून खाली जातात, धाकट्या काकीच्या मागच्या दाराशी पोचतात आणि तिथून खाडीवर. सरकारी नकाशात ही वाट नाही. ती नोंदवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण आमच्याकडे समजूत पक्की आहे की शिमग्यात देवीची पालखी जिथून जाते ती वाट सगळ्यांची. पालखी दरवर्षी पाखाडीने उतरायची, मग तलाठ्याकडे खेटे कोण घालणार? "आजोबा पालखीच्या पुढं असायचे, हितंच," दादा एका पायरीवर थांबून म्हणाला होता. त्याचा आवाजही भरून आला होता. तो खरा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

धाकटी काकी एकटी राहते. तिला दमा आहे. देवळात, दुकानात, दवाखान्याच्या रिक्षापाशी, कुठेही जायचं तर ती पाखाडीने चढते, कारण तिथे सावली आहे आणि मध्ये टेकायला पार आहे. डांबरी रस्ता गावाला उन्हातून भला मोठा वळसा घालतो. तिच्या घरी आम्हीही सगळे मागच्या दारानेच शिरायचो, पुढचं दार फक्त पाहुण्यांसाठी.

नकाशावर मी जीव ओतला. रस्ता करडा, विहिरी निळ्या, पाखाडी विटकरी रंगाच्या तुटक रेघेत. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गोष्ट आपल्या वेगळ्या लेयरवर असते, डब्यावर डबा रचावा तशी. छपाईचं पान मांडताना उत्तर दिशेचा बाण, मोजपट्टी आणि कोपऱ्यात खुणांची सूची बसवली. सूचीत लेयरची इंग्रजी नावं येत होती, ती मला नको होती. म्हणून सूची आपोआप बदलण्याची सोय मी बंद केली आणि सगळी नावं हाताने मराठीत लिहिली. पीडीएफ काढली तर जोडाक्षरं फुटलेली. 'ग्रामदेवता' वाचवेना. मग अक्षरांचे चित्रासारखे आकार करून पुन्हा एक्स्पोर्ट केलं, तेव्हा कुठे मनासारखं झालं.

दादाला पीडीएफ पुरेना. "मूळ फाइल पण दे. बोर्लीचा फ्लेक्सवाला म्हणतो, साइज जमवाया लागंल." मी दिली. वर फोनवर शिकवलंही की नको तो लेयर त्याच्यापुढची बरोबरची खूण काढून कसा बंद करतात. घरच्या माणसापासून काय लपवायचं!

शिमग्याला गेले तेव्हा नकाशा देवळात लागला होता. खाली माझं नाव, खरंच ठळक. मी खूश होऊन जवळ गेले आणि पाखाडी शोधू लागले. ती नव्हती. देवळामागे नुसता हिरवा रंग. सूचीत मात्र विटकरी तुटक रेघ तशीच होती आणि तिच्यापुढे मीच लिहिलेलं 'पाखाडी'. फ्लेक्सवाल्याने लेयर बंद केला, सूची कोणी पाहिलीच नाही.

माझं डोकं सणकलं. दादाला मी देवळातच गाठलं. "पाखाडी कुठाय?"

"नकाशा लय भरगच्च दिसत व्हता," तो म्हणाला. "तूच सांगितलंस ना, नको त्यो लेयर बंद करता येतो."

"पाखाडी नको होती तुला?"

"वाडी इकली मी. त्या माणसाला बंगला बांधायचाय. तो अंगणातनं वाट ठेवील व्हय?"

मी आरडाओरडा केला. सूचीवर बोट ठेवून एकेकाला दाखवलं. पण गावकीतली माणसं नजर चुकवू लागली. एक जण म्हणाला, "ताई, तुमीच काढलाय ना नकाशा? नकाशापरमानं पालखी जाईल." आणि ढोल वाजायला लागले. माझाच दादा, ज्याच्या खांद्यावर बसून मी लहानपणी पालखी पाहिली, तो पालखीच्या दांड्याला खांदा लावून पुढे निघाला. इतकं फसवल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

मी पाखाडीने धावत खाली गेले. काकी मागच्या दारात, शेवटच्या पायरीशी रांगोळी काढून, ओटीचं ताट घेऊन उभी होती आणि वर पाहत होती. ढोल मात्र पुढच्या बाजूने, रस्त्यावरून येत होते. ते कळल्यावर ती घरातून पुढे गेली, ओटी भरली, नमस्कार केला. पालखी गेली. दादा जाताना तिच्याशी काहीतरी बोलला.

ती परत मागे आली.

"नकाशा तू काढलास म्हनं."

"काढला काकी, पण त्यात पाखाडी होती. दादाने..."

"खाली नाव तुझंच हाय ना?"

"हाय," मी म्हणाले.

तिने ताट खाली ठेवलं. मी पायरीवरच उभी होते. तिने मागचं दार ओढलं आणि आतून कडी घातली.