कंप्रेसरची कॅसेट

बायकोला मी अर्धा तास कंप्रेसरचा खडखडाट ऐकवला आणि वर्कशॉपच्या फोरमनला प्रेमाच्या गोष्टी. दोन्ही एकाच दिवशी. कॅसेट दोन होत्या, डब्या दोन होत्या. नावं मी डब्यांवर लिहिली, कॅसेटवर नाही. मग डब्यांत ठेवताना जे व्हायचं ते झालं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मस्कतजवळ एका कोल्ड स्टोरेजवर रेफ्रिजरेशन मेकॅनिक होतो. लग्नाला सात महिने झाले होते. त्यातले शेवटचे तीन मी मस्कतला आणि सुमन मुलुंडला. मला पोचवायला सहार विमानतळावर अख्खी बिल्डिंग आली होती. गळ्यात इतके हार पडले की त्यांच्यामागून फक्त माझा चष्मा दिसत होता, असं सुमन अजून सांगते.

कंप्रेसर नवा होता आणि मीच बसवला होता. टेस्टिंगला चालू केला, दोन दिवस छान चालला. तिसऱ्या दिवशी आतून ठकठक सुरू झाली. आमचे इंजिनियर थॉमससाहेब केरळचे. त्यांनी कान दिला आणि माझ्याकडे बघितलं.

"बेअरिंग गया?"

"लगता है, सर."

"बिठाया किसने?"

"मैंने, सर."

"दस दिन में मछली का जहाज आएगा. ये चालू नहीं हुआ तो मछली वापस. तुम भी वापस."

कंप्रेसर उघडला तर पार्ट यायला महिना. नाही उघडला तर आवाज तसाच. आणि एवढे हार घालून गेलेला माणूस तीन महिन्यांत बॅग घेऊन मुलुंड स्टेशनला उतरला, तर तोंड कुठे लपवणार?

मला परबमामांची आठवण झाली. घाटकोपरच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी काम शिकलो, तिथले ते फोरमन. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. पण हे मशीन मस्कतला. त्यांचा कान इथे येत नाही, तर आवाज तिथे पाठवावा, असं माझ्या डोक्यात आलं. तेव्हा आम्ही सगळे घरी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचो. मी टेपरेकॉर्डर घेऊन कंप्रेसरपाशी अर्धा तास गप्प उभा राहिलो. मग खोलीवर येऊन दुसरी कॅसेट सुमनसाठी भरली. आधी कागदावर लिहून काढलं, मग वाचलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत काम करणारा वर्सोव्याचा जयवंत सुट्टीवर निघाला होता, मामांच्या डबीत बेअरिंगच्या शंकेची चिठ्ठी टाकून दोन्ही डब्या त्याच्या हातात दिल्या.

पुढचं मला नंतर पत्रातून कळलं.

सुमनने शेजारच्या शहाकाकूंचा टेपरेकॉर्डर आणला. काकूही पदर सावरून ऐकायला बसल्या. दहा मिनिटं खडखड ऐकून म्हणाल्या, "सुमन, तुझा मिस्टर पिठाच्या गिरणीत लागला की काय?" आणि उठून गेल्या. सुमन मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परबमामा दारात. चपला बाहेर काढून, मान खाली घालून.

"सूनबाय, ही तुझी कॅसेट. माझी माका दी. पयला वाक्य आयकलंय नि बंद केलंय. देवाशपथ."

सुमन लाजून आत पळाली नाही. चहा ठेवला आणि म्हणाली, "मामा, हा आवाज सारखा येत नाही. ठकठक होते, मग थांबते. मधल्या वेळात माझ्या दोन पोळ्या लाटून होतात. मग परत."

मामांनी ती कॅसेट लावली. डोळे मिटले. स्क्रूड्रायव्हर नव्हता, म्हणून चहाचा चमचा टेपरेकॉर्डरला लावला म्हणे. सुमन पोळ्या लाटत होती. दोन पोळ्या, ठकठक. दोन पोळ्या, ठकठक.

"बेअरिंग गेला तर ता सुट्टी घेणा नाय," मामा म्हणाले आणि थेट तार ऑफिसला गेले.

मला तार मिळाली तेव्हा जहाजाला तीन दिवस होते. इंग्रजीत चारच शब्द. बेअरिंग ओके. चेक बल्ब.

हा दिव्याचा बल्ब नव्हे. तांब्याची बोटभर नळी असते, ती कंप्रेसरकडे परत येणाऱ्या गार पाइपला घट्ट बांधतात. पाइप किती गार आहे ते ती व्हॉल्व्हला कळवते, आणि व्हॉल्व्ह त्या हिशेबाने गॅस सोडतो. बल्ब सैल असला तर त्याला बाहेरचं ऊन लागतं. पाइप गरम आहे असं समजून व्हॉल्व्ह जास्त सोडतो. मग वायूऐवजी द्रव कंप्रेसरमध्ये येतो आणि कंप्रेसरला ठसका लागतो. थोडा सावरतो, पुन्हा लागतो.

मी जाऊन बघितलं. बल्ब तारेच्या एका वेढ्यावर लोंबत होता. ती तार माझीच. पट्टी सापडत नव्हती, म्हणून चहानंतर नीट बांधू असं ठरवलं होतं. चहा प्यायलो होतो, एवढं पक्कं आठवतं. कंप्रेसरच्या अंगावर बर्फही दिसला होता, त्याचा दोष मी मस्कतच्या दमट हवेला दिला होता.

दोन पट्ट्या आवळल्या, वरून इन्सुलेशन गुंडाळलं. तासाभरात ठकठक बंद. थॉमससाहेब आले.

"बेअरिंग बदला?"

"नहीं सर. तार बदला."

"बांधा किसने था?"

"मैंने, सर."

त्यांनी दोन्ही पट्ट्या ओढून बघितल्या. मग म्हणाले, "काम पहले, चाय बाद में," आणि माझ्यासाठी चहा मागवला. मासळी वेळेवर उतरली. मी दोन वर्षं पुरी करूनच परतलो.

मशीन बिघडलं की आधी आपला शेवटचा हात कुठे लागला होता ते बघावं, हे मी पुढे प्रत्येक नव्या मेकॅनिकला सांगत आलो. कॅसेटबद्दल मात्र कुणाशी बोललो नाही.

परत आल्यावर बघतो तर कपाटात साड्यांखाली एकच कॅसेट, कंप्रेसरची. सुमनने ती मामांकडून परत मागून आणली होती.

मी जरा फुरंगटूनच विचारलं, "आणि मी एवढं लिहून काढून बोललो, ती?"

"त्यात तुम्ही वाचत होता," ती म्हणाली. "ह्यात बाविसाव्या मिनिटाला तुम्ही दोनदा खोकलात. तेवढ्यासाठी मी ती रोज लावायची. औषध घेतलं होतंत ना?"